‘इडा’ : हाडांच्या बदल्यात घर

पावेल पावलिकोव्स्की यांच्या ‘इडा’ या पोलिश चित्रपटाला २०१५ च्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्या विभागातले पोलंडचे हे पहिलेच ऑस्कर. या ८२ मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटाविषयी तेव्हापासून जे बोलले जाते, त्याचे दोन सूर ठरून गेले आहेत. एक सूर जगभरच्या रसिकांचा : काय त्या चौकटी, काय तो प्रकाश, काय ती शांतता! दुसरा पोलंडमधल्या दुखावलेल्या प्रेक्षकांचा : या चित्रपटाने आमच्या देशाला खुन्यांच्या पंगतीला बसवले. या दुखावलेल्यांविषयी रसिकांचे मत पक्के असते. राष्ट्राभिमानाने आंधळी झालेली, कलेत गती नसलेली माणसे आहेत, असे म्हणून ते पुन्हा छायाचित्रणाच्या कौतुकाकडे वळतात. हे मत मला फार उथळ वाटते.

माझे म्हणणे असे की, रागावलेला प्रेक्षक मोहून गेलेल्या प्रेक्षकापेक्षा या चित्रपटाच्या जास्त जवळ पोचला होता. चित्रपट कुणावर तरी बोट ठेवतो आहे, एवढे तरी त्याने ओळखले. पण चित्रपटाच्या मधोमध जो व्यवहार आहे, त्याकडे दोघांनीही पाठ फिरवली. पुरलेल्यांची हाडे कुठे आहेत ते दाखवतो, बदल्यात घरावरचा हक्क सोडा, असा तो व्यवहार. रसिकाने तो श्रद्धेच्या आणि आत्मशोधाच्या गोष्टीत विरघळवून टाकला. रागावलेल्याने तो राष्ट्राच्या अब्रूच्या वादात हरवून टाकला. ‘इडा’ची सारी काटेकोर, कोरडी शैली मात्र त्या व्यवहारावरून आपली नजर ढळू नये म्हणून योजलेली आहे.

१. जंगलातला करार

काळ १९६२ चा. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली ॲना लवकरच संन्यासाची शपथ घेणार आहे. त्याआधी तुझ्या हयात असलेल्या एकुलत्या एक नातलगाला, मावशीला, भेटून ये, असे तिला सांगितले जाते. ही मावशी वांडा ग्रूझ. एके काळी सरकारी वकील म्हणून तिचा दरारा होता, आता दारूत बुडालेली न्यायाधीश आहे. पहिल्याच भेटीत ती भाचीला सांगते : तुझे खरे नाव इडा लेबेनश्टाइन, तू ज्यू आहेस. दोघी मोटारीने पियास्की या गावी जातात. लेबेनश्टाइनांच्या घरात आता स्किबा नावाचे शेतकरी कुटुंब राहते. युद्धाच्या दिवसांत म्हाताऱ्या शिमोन स्किबाने या ज्यू कुटुंबाला जंगलात लपवले, अन्न पुरवले. पुढे त्याच स्किबांच्या हातून हे कुटुंब मारले गेले.

शिमोन आता मरणपंथाला लागला आहे. त्याचा मुलगा फेलिक्स तडजोड मांडतो. बापाला त्रास देऊ नका, घर आमच्याकडे राहू द्या. मी जागा दाखवतो. मग तो दोघींना जंगलात नेतो आणि खणू लागतो. इडा कशी वाचली? ती अगदी तान्ही होती, ज्यू म्हणून ओळखू आली नसती, म्हणून तिला पाद्र्याच्या हवाली केले. वांडाचा लहान मुलगाही त्या कुटुंबात होता. तो सावळा होता आणि त्याची सुंता झालेली होती. त्याला ठेवता आले नाही.

हे दृश्य पुन्हा नीट पाहावे. खून का केला, हे फेलिक्स सांगत नाही. भीती वाटली, कुणी चुगली करील असे वाटले, की घराचा आणि जमिनीचा मोह पडला? चित्रपट कारण सांगत नाही, किंमत मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडे वाटणीच्या भांडणात हक्कसोडपत्रावर सह्या घेताना जे कामापुरते, कोरडे बोलणे चालते, त्याच सुरात हे बोलणे होते. आणि सही मागितली जाते ती जिच्या आईबापांना मारले त्या मुलीकडे. वीस वर्षे घर ताब्यात असूनही फेलिक्सच्या मनात ते अजून पूर्ण त्याचे झालेले नाही. खऱ्या मालकाच्या वारसाने ‘सोडले’ म्हटल्याशिवाय त्याला झोप नाही. माझ्या मते हा चित्रपटातला सर्वांत भेदक तपशील आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले गेले आहे.

२. ‘सुंदर’ म्हणणारा आणि ‘संथ’ म्हणणारा

या चित्रपटाला संथ, रटाळ म्हणणारे प्रेक्षक सगळीकडे भेटतात. त्यांच्याकडे रसिक मंडळी कीव करून पाहतात. मला हे दोघे परस्परांचे विरोधक वाटत नाहीत. चित्रपट जे सांगतो त्यापासून दोघेही सारखेच दूर उभे असतात. एक कंटाळून, दुसरा भारावून.

‘संथ’ ही तक्रार तपासून पाहता टिकत नाही. ८२ मिनिटांत एक जन्मरहस्य उघड होते, एक शोध पुरा होतो, हाडे उकरली जातात, ल्युब्लिनच्या ज्यू दफनभूमीत पुरली जातात, एक आत्महत्या होते, एक प्रेमाची रात्र येते आणि जाते. इतक्या घटना अनेक अडीच तासांच्या चित्रपटांत नसतात. इथे वेग भरपूर आहे, सूचना नाहीत. भूतकाळ दाखवणारी दृश्ये नाहीत. आता रडायचे आहे असे बजावणारे संगीत नाही. जे संगीत आहे ते बहुतेक वेळा त्या दृश्यातच कुणीतरी वाजवत असते, रेकॉर्डवर किंवा सॅक्सोफोनवर. वांडा खिडकीतून उडी टाकते त्याआधी आपल्याला कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. काय वाटून घ्यायचे हे कुणी सांगत नाही, म्हणून बसलेल्या माणसाची चुळबुळ सुरू होते, आणि तिलाच तो संथपणा म्हणतो.

‘सुंदर’ या प्रशंसेची तपासणी अधिक कठोरपणे करायला हवी, कारण ती प्रतिष्ठित आहे. रिशार्ड लेंचेव्स्की आणि वुकाश झाल यांचे छायाचित्रण असामान्य आहे यात शंका नाही. जुन्या चित्रपटांची जवळजवळ चौरस चौकट, जवळपास शेवटपर्यंत न हलणारा कॅमेरा, आणि माणसांची तोंडे चौकटीच्या तळाशी, वर मोकळी जागाच जागा. ही मोकळी जागा म्हणजे देव, आकाश, ईश्वराचे मौन, असा अर्थ असंख्य परीक्षणांत लावला गेला आहे. नायिका संन्यासिनी असल्याने तो अर्थ हाताशी येतोच. पण तशीच मोकळी जागा हॉटेलातही आहे, जिथे देवाचा काही संबंध नाही. मला त्या चौकटींत सारखे हेच दिसते की जागा मोठी आहे आणि तिच्यात राहणारी माणसे तिच्या कडेला लागलेली आहेत. माणसे येतात, जातात, मारली जातात. भिंती, खिडक्या, छत तिथेच राहते. घराचा ताबा हा ज्या गोष्टीचा विषय आहे, तिला ही चौकट चपखल बसते.

कृष्णधवल रंगाचेही तेच. तो जुन्या आठवणींचा हळवा रंग म्हणून निवडलेला नाही. १९६२ च्या आसपासचा पोलिश चित्रपट असाच दिसत असे. आंद्झेय वायदा यांचे ‘कनाव’ (१९५७) आणि ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’ (१९५८), येझी कवालेरोविच यांचा संन्यासिनींवरचा ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’ (१९६१) याच घडणीचे. त्या पिढीने युद्धावर थोर चित्रपट केले. ज्यूंवरच्या अत्याचारांविषयीही केले. वायदांचा ‘सॅमसन’ (१९६१) आहेच. पण ज्याने आधी भाकरी दिली आणि नंतर कुऱ्हाड उचलली, तो शेजारी त्या चौकटींत जवळजवळ आलाच नाही. पावलिकोव्स्कींनी त्याच काळाची, त्याच आकाराची चौकट घेतली आणि तेव्हा जो बाहेर राहिला होता त्याला आत उभे केले. ही शैली म्हणजे उशिरा भरलेली एक रिकामी जागा आहे. तिला नुसते ‘देखणी’ म्हणणे म्हणजे ती कुणासाठी मोकळी होती हे न विचारणे.

चित्रपटात खुद्द सौंदर्याचाही एक धागा आहे. इडाची आई रंगीत काचांचे काम करायची. गोठ्यातल्या गाईंसाठीही तिने तशी एक खिडकी केली होती. ती खिडकी आता स्किबांच्या मालमत्तेचा भाग आहे. चित्रपटातली सर्वांत सुंदर वस्तूदेखील ताब्यात गेलेली आहे, आणि आपण मात्र सौंदर्याचे कौतुक करून घरी जातो.

३. ‘आधी पाटी दाखवा’

आता रागावलेल्या प्रेक्षकांकडे. पोलंडची बदनामी रोखण्यासाठी स्थापन झालेल्या एका संघटनेने २०१५ च्या सुरुवातीला अर्ज केला आणि त्यावर हजारोंनी सह्या केल्या. मागणी अशी की चित्रपटाच्या आरंभी माहितीच्या पाट्या घालाव्यात : पोलंड जर्मनांच्या ताब्यात होते, ज्यूंचा संहार जर्मनांनी केला, ज्यूंना लपवणाऱ्या पोलिश माणसांना मृत्युदंड होता, तरीही हजारोंनी त्यांना वाचवले.

यातले एकही वाक्य खोटे नाही, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले, आणि ती कत्तल नाझी जर्मनीने आखली व चालवली. व्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्याला देहदंड, असा हुकूम ऑक्टोबर १९४१ मध्ये निघाला होता. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या इस्रायलच्या ‘याद वाशेम’ संस्थेच्या यादीत सर्वाधिक नावे पोलंडचीच आहेत, सात हजारांहून अधिक. यांतले काहीच माहीत नसलेला दूरदेशीचा प्रेक्षक ‘इडा’ पाहून भलता निष्कर्ष काढील, ही भीती वेडगळ म्हणता येत नाही.

मग पाटीला विरोध का? कला स्वतंत्र असते, हे ठरलेले उत्तर मला पुरेसे वाटत नाही. खरी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली क्रमाची. कृत्य पाहण्याआधी परिस्थिती सांगितली की परिस्थिती ही सबब होऊन बसते. प्रेक्षक फेलिक्सला खड्ड्यात पाहतो तेव्हा त्याच्या हातात निकालपत्र आधीच ठेवलेले असते. त्या जंगलात एकही जर्मन नाही, कुणाचा हुकूम नाही. तिथे एक माणूस आणि त्याने केलेली गोष्ट आहे. तेवढेच पाहण्याची वेळ आपल्यावर यावी म्हणून चित्रपट बाकी सारे बाजूला ठेवतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पाटीला वाचवणारे आणि मारणारे अशा दोन वेगळ्या याद्या हव्या आहेत. चित्रपट त्या याद्या नाकारतो. वाचवणारा शिमोन चित्रपटात आहेच की! त्याने देहदंडाचा धोका पत्करून लपवले. आणि मारणारा त्याच्याच छपराखाली आहे. स्वतः फेलिक्सनेच, ज्या हातांनी बाकीच्यांना मारले त्याच हातांनी तान्ही इडा पाद्र्याकडे पोचवली. अशा माणसाला कुठल्या यादीत घालणार? पाटी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न नको होता.

असे शेजारी दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आलेले नाहीत. येद्वाब्ने या गावात १० जुलै १९४१ रोजी ज्यू रहिवाशांना कोठारात कोंडून जाळले गेले. इतिहासकार यान ग्रॉस यांचे त्यावरचे पुस्तक २००० मध्ये आले आणि पोलंड ढवळून निघाला. राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदेर क्वाश्निएव्स्की यांनी २००१ मध्ये त्या गावात जाऊन माफी मागितली. पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृतिसंस्थेच्या चौकशीने निदान ३४० बळी आणि प्रत्यक्ष कृत्य करणारे पोलिश रहिवासी, जर्मनांच्या चिथावणीवरून, असा निष्कर्ष काढला.

पाटी पुढे आलीच. २०१६ च्या फेब्रुवारीत पोलंडच्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘इडा’ दाखवला, पण त्याआधी चित्रपटातल्या ‘त्रुटी’ सांगणारी चर्चा आणि स्पष्टीकरणाचा मजकूर जोडून. युरोपीय चित्रकर्मींनी त्याचा निषेध केला. २०१८ मध्ये तर नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कायद्यात झाली; जगभरातून टीका झाल्यावर काही महिन्यांतच शिक्षेचा भाग काढून टाकावा लागला. पाटीच्या मागणीपासून तुरुंगापर्यंतचे अंतर तीन वर्षांचे ठरले.

४. राग उशिरा का आला?

रागाच्या तारखा पाहिल्या की त्याचे स्वरूप कळते. ‘इडा’ला २०१३ मध्ये ग्दिनियाच्या राष्ट्रीय महोत्सवात पोलंडचा सर्वोच्च चित्रपट-सन्मान मिळाला होता. त्याच वर्षी तो चित्रपटगृहांत लागला. तेव्हा देश पेटला नाही. गदारोळ उठला तो ऑस्करच्या तोंडावर. याउलट व्वादिस्वाव पासिकोव्स्की यांचा ‘पोक्वोशे’ (२०१२) हा याच विषयावरचा, रंगीत, थरारपटाच्या बाजाचा चित्रपट. त्यावर पहिल्या दिवसापासून वादळ झाले आणि त्यातल्या प्रमुख नटाला शिवीगाळ सोसावी लागली.

म्हणजे ‘इडा’त काय आहे हे कळून राग आला नाही, ते परक्यांना कळणार म्हणून आला. घरात माहीत असणे वेगळे, चारचौघांत निघणे वेगळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. पण त्यांनी ज्या परक्या नजरेची धास्ती घेतली तिने प्रत्यक्षात काय पाहिले? प्रकाश, मौन, एका तरुणीचा चेहरा. ‘वैश्विक’ हा शब्द परीक्षणांत इतक्या वेळा आला की त्यात पोलंड, पियास्की आणि ते घर सारे पुसले गेले. दिग्दर्शकानेही हा इतिहासाचा धडा नव्हे असे सांगून त्या वाटेला मोकळीक दिली. त्यांच्या आजीचा मृत्यू आउशवित्समध्ये झाला होता. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांना चित्रपट भाषणबाजीपासून दूर ठेवायचा असेल. ते समजते. परंतु प्रेक्षकाने त्या विधानाची ढाल करावी हे पटत नाही.

५. वांडाविषयीचा आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप राष्ट्रवाद्यांकडून आलेला नाही. तो पोलंडमधल्याच काही डाव्या आणि स्त्रीवादी लेखकांनी घेतला. ज्यू म्हणजे कम्युनिस्ट, आणि कम्युनिझमचे अत्याचार म्हणजे ज्यूंचे काम, हे पोलंडमधले जुने विखारी समीकरण आहे. ‘लाल वांडा’ या पात्राने नकळत त्यालाच खतपाणी घातले, असे त्यांचे म्हणणे. वांडाने ‘जनतेच्या शत्रूं’ना फाशीपर्यंत पोचवले आहे. या पात्रामागे एका खऱ्या स्त्रीची सावलीही आहे. हेलेना वोलिन्स्का-ब्रुस या ज्यू वंशाच्या लष्करी सरकारी वकील; भूमिगत सेनेचे सेनानी एमिल फिल्डोर्फ, ज्यांना १९५३ मध्ये फासावर चढवले, त्यांच्या अटकेच्या आदेशावर त्यांची सही होती. पुढे त्या ऑक्सफर्डला राहिल्या आणि तिथे पावलिकोव्स्कींची त्यांच्याशी ओळख झाली. पोलंडने त्यांचा ताबा मागितला, ब्रिटनने तो दिला नाही.

दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या म्हणजे चित्रपट समतोल आहे, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. तो आळशी आहे. दोन आरोप केवळ विरुद्ध दिशांनी आले म्हणून परस्परांना रद्द करत नाहीत. राष्ट्रवाद्यांना चित्रपटात न सांगितलेल्या गोष्टींची तक्रार आहे. या लेखकांना सांगितलेल्या गोष्टीच्या परिणामाची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. ज्याच्या डोक्यात ते समीकरण आधीच पक्के आहे, त्याला वांडाची दोन वाक्ये पुरतात : तिने आमची माणसे मारली, आम्ही तिची, फिटंफाट. शिवाय शेवटी वांडा मरते, इडा कॉन्व्हेंटकडे परत निघते आणि पोलंडच्या भूमीवर हिशेब मागणारा ज्यू उरत नाही. ८२ मिनिटांच्या काटकसरीची ही किंमत आहे आणि चित्रपटाच्या चाहत्यांनी ती नाकारू नये.

तरीही फिटंफाटीचा निष्कर्ष चित्रपटातून निघत नाही. वांडा न्यायाधीश आहे; कायदा, खटला, शिक्षा हे तिचे आयुष्य. पण स्वतःच्या मुलाच्या खुन्यासमोर उभी राहते तेव्हा ती ना फिर्याद करते ना अटक करवते. तिच्या हाती मुलाची कवटी येते आणि घर जाते. तिने राज्याच्या वतीने दिलेल्या शिक्षा आणि तिच्या कुटुंबाचा खून यांत चित्रपट कार्यकारणभाव जोडत नाही. स्किबांनी मारले तेव्हा वांडा कुणालाही फाशी देण्याच्या जागेवर नव्हती. मारले गेले ते एक मूल, काच रंगवणारी एक बाई आणि तिचा नवरा. हा साधा कालक्रम लक्षात ठेवला की ते समीकरण कोसळते. प्रेक्षकाने एवढे लक्ष द्यावे ही अपेक्षा जास्त नाही.

६. कोल्हापूरच्या ओळखीतून

महाराष्ट्राची पोलंडशी एक खरी ओळख आहे. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. आपल्याला माहीत असलेली पोलिश माणसे ही घर हिरावलेली, भुकेली, पोरकी माणसे आहेत. त्यामुळे ‘तुम्हीही मारलेत’ हे ऐकून त्यांच्या नातवंडांच्या मनात काय होत असेल, हे आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्त कळायला हवे. त्यांचे दुःख खरे आहे. पण ज्याचे एक घर हिरावले गेले त्याने दुसऱ्याचे घेतलेले घर त्या दुःखाने त्याचे होत नाही, आणि ‘इडा’ नेमके इथेच बोट ठेवतो.

हा प्रश्न १९६२ मध्ये संपलेला नाही. युद्धात आणि त्यानंतरच्या राष्ट्रीयीकरणात गेलेली खासगी मालमत्ता परत करण्याचा सर्वंकष कायदा पोलंडने आजवर केलेला नाही. उलट २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने, मालमत्तेविषयीच्या जुन्या सरकारी निर्णयांना तीस वर्षे उलटल्यावर आव्हान देण्याचा मार्ग बंद केला. फेलिक्सला इडाकडून जे शब्द हवे होते, त्यांची गरज आता कायद्यानेच संपवली आहे.

म्हणून आपल्याकडे जिथे जिथे हा चित्रपट दाखवला जातो, त्या फिल्म सोसायट्यांना आणि चित्रपट-अभ्यासाच्या वर्गांना माझी विनंती आहे. आधी पाटी नको, प्रास्ताविकही नको. येद्वाब्नेचा इतिहास, मृत्युदंडाचा हुकूम, वाचवणाऱ्यांची संख्या हे सगळे सांगा, पण चित्रपट संपल्यावर. आणि चर्चेला सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका. पहिला प्रश्न हा विचारा : घर कुणाकडे राहिले, आणि का? छायाचित्रणावर बोलायला त्यानंतर भरपूर वेळ मिळेल.